क्यूजीआयएसमध्ये भूजल संभाव्यता नकाशा कसा करायचा: कऱ्हा खोऱ्याचं उदाहरण, क्रमाने

क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये भूजल संभाव्यतेचा (जमिनीखाली पाणी कुठे मिळू शकेल याचा) नकाशा करायला बसलं की बहुतेकजण थेट एएचपी (लेयरची दोन-दोन करून तुलना करून त्यांचं महत्त्व ठरवायची पद्धत) आणि वेटेजवर उडी मारतात, कुठल्यातरी पेपरमधलं टेबल उचलतात, सहा-सात लेयर एकमेकांवर टाकतात आणि हिरवा-पिवळा-लाल नकाशा तयार. दिसायला छान असतो, पण त्यातल्या निम्म्या चुका वेटेज द्यायच्या आधीच झालेल्या असतात. म्हणून या लेखात तयारीवर जास्त वेळ घालवलाय आणि एएचपीवर कमी. उदाहरणाला पुणे जिल्ह्यातलं कऱ्हा नदीचं वरचं खोरं घेतलंय, म्हणजे गराड्याकडून सासवडवरून खाली जेजुरीजवळच्या नाझरे धरणापर्यंतचा भाग. सगळा दख्खनचा बेसाल्ट, पश्चिमेला डोंगर, पूर्वेकडे पाऊस कमी होत जाणारा. तुमचं खोरं बेसाल्टमधलंच असेल तर बरंचसं जसंच्या तसं लागू होईल. कोकणातला जांभा किंवा पूर्व विदर्भातला ग्रॅनाइट-नाइस असेल तर क्रम हाच, गुण मात्र वेगळे द्यावे लागतील.

टप्पा १: आधी प्रश्न ठरवा, मग हद्द

नकाशा कशासाठी पाहिजे? नवीन विहिरी कुठे घ्यायच्या, की पुनर्भरणाची कामं (बंधारे, पाझर तलाव, शोषखड्डे) कुठे घ्यायची? या दोन्हीचा नकाशा एकच नसतो. डोंगरपायथ्याला भेगाळलेल्या मुरमात पाणी पटकन मुरतं पण तिथे ते थांबत नाही, खाली सरकतं. पुनर्भरणाला ती जागा उत्तम, विहिरीला मे महिन्यात कोरडी. हे आधी ठरवलं नाही तर गुण देताना गोंधळ होणारच. इथे आपण उथळ जलधरातलं पाणी, म्हणजे खोदलेल्या विहिरीला लागणारं पाणी, एवढाच प्रश्न घेतोय. चारशे-पाचशे फुटांवरच्या बोअरबद्दल उपग्रहाच्या चित्रावरून काहीही सांगता येत नाही, त्या नादाला लागू नका.

हद्द तालुक्याची घ्यायची नाही, पाणलोटाची घ्यायची. पुरंदर तालुक्याची हद्द घेतली तर कऱ्हेचं खोरं आणि डोंगरापलीकडचं नीरेकडे उतरणारं पाणी दोन्ही एकाच नकाशात येतं, आणि ड्रेनेजचा, म्हणजे ओढ्या-नाल्यांच्या जाळ्याचा, लेयर हद्दीवर अर्धवट तुटतो.

टप्पा २: फोल्डर, प्रोजेक्शन आणि बफर

कंटाळवाणं काम आहे पण नव्वद टक्के एरर इथूनच येतात.

फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरात, मधे स्पेस नको, देवनागरी तर नकोच. ग्रासची (क्यूजीआयएसमधून चालणाऱ्या दुसऱ्या जीआयएस सॉफ्टवेअरची) टूल्स अशा पाथवर अचानक काहीतरी अगम्य एरर देऊन बंद पडतात आणि माणूस दिवसभर डेटामध्ये चूक शोधत बसतो. मूळ डेटाचा एक फोल्डर, प्रोसेस केलेल्याचा वेगळा, आणि मूळ फोल्डरमधल्या फाइलला हात लावायचा नाही.

प्रोजेक्शन यूटीएम. ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला झोन ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी (प्रोजेक्शनचा कोड) ३२६४३. पूर्वेला झोन ४४, म्हणजे ३२६४४. पुणे, नाशिक, संभाजीनगर, सोलापूर ४३ मध्ये येतात, वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ४४ मध्ये. कऱ्हा ४३ मध्ये. सगळे लेयर खरोखर वॉर्प किंवा रिप्रोजेक्ट करून सेव्ह करायचे. क्यूजीआयएस वेगवेगळ्या प्रोजेक्शनचे लेयर स्क्रीनवर एकावर एक बसवून दाखवतं, त्यामुळे सगळं जुळलंय असं वाटतं, पण आकडेमोड मूळ फाइलवरच होते.

आणि बफर. पाणलोटाच्या हद्दीबाहेर किमान दोन-तीन किलोमीटर जास्तीचा डेटा घ्या, सगळे लेयर त्या मोठ्या हद्दीवर करा, क्लिप अगदी शेवटी. आधीच क्लिप केलं की घनतेचे लेयर (ठरावीक त्रिज्येच्या वर्तुळात ओढे किंवा भेगा किती लांबीच्या आहेत ते मोजणारे) कडेला खोटे कमी होतात, कारण वर्तुळाचा अर्धा भाग हद्दीबाहेर रिकामा असतो. मग सगळ्या कडेने एक पट्टा उमटतो आणि अहवालात लोक त्याचं भूशास्त्रीय कारण लिहून मोकळे होतात!

> तपासा: प्रत्येक लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये माहितीचं पान उघडा. प्रोजेक्शन ३२६४३ आणि एकक मीटर दिसलं पाहिजे. पिक्सेलचा आकार ०.०००२७ वगैरे दिसला तर लेयर अजून अंशांमध्येच आहे.

टप्पा ३: डेटा गोळा करणं

डीईएमसाठी (जमिनीच्या उंचीच्या रास्टरसाठी) एसआरटीएम ३० मीटर, इस्रोच्या भुवन पोर्टलवरचा कार्टोडेम किंवा कोपर्निकस ३० मीटर, यातलं एक घ्या आणि शेवटपर्यंत तेच वापरा. कऱ्हेचं वरचं खोरं ७४ अंश रेखांशाच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं आहे, त्यामुळे एसआरटीएमच्या दोन टाइल लागतात, आधी मर्ज करा. एसआरटीएम फेब्रुवारी २००० मधलं आहे, त्यानंतरचे तलाव, खाणी, रस्त्याचे कट त्यात दिसणार नाहीत.

भूरूप, खडक आणि लिनिअमेंटसाठी (जमिनीवर दिसणाऱ्या भेगांसारख्या लांब सरळ रेषांसाठी) भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूकोश पोर्टल, लॉगिन करून आपल्या भागाचा डेटा घेता येतो. जमीनवापरासाठी ईएसए वर्ल्डकव्हर १० मीटर, २०२१ चं. पावसासाठी राज्याच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय आकडे मिळतात. विहिरींसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहिरींची मोजणी, जी वर्षातून चार वेळा होते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. यातले मे आणि ऑक्टोबर आपल्या कामाचे.

विहिरींचा डेटा आला की लगेच दोन भागात वाटून टाका. एक भाग नकाशा करायला, दुसरा फक्त पडताळणीला, आणि हा दुसरा भाग शेवटपर्यंत उघडायचा नाही. ज्या विहिरींवरून नकाशा केला त्याच विहिरींवर तो तपासला तर बरोबरच येणार, त्याला पडताळणी म्हणत नाहीत.

टप्पा ४: डीईएमवरून पाणलोट, उतार, ड्रेनेज

क्रम असा: मर्ज, मग यूटीएममध्ये वॉर्प (३० मीटर पिक्सेल, बायलिनिअर), मग बाकी सगळं.

उतार अंशांमधल्या डीईएमवर काढला तर आडवं अंतर अंशात आणि उंची मीटरमध्ये, त्यामुळे जवळपास सगळीकडे ८९-९० अंश उतार येतो. सासवडच्या आसपासच्या शेतात कडे दिसायला लागले तर समजून जा.

ग्रासचं आर-डॉट-वॉटरशेड वापरत असाल तर खड्डे भरायची गरज नाही, ते टूल स्वतःच वाट काढतं. सागाने करत असाल तर आधी फिल सिंक्स करायलाच लागतं, आणि नव्या क्यूजीआयएसमध्ये सागा वेगळं प्लगइन म्हणून घ्यावं लागतं. ओढ्यांची थ्रेशोल्ड (किती सेलचं पाणी एकत्र आलं की ओढा धरायचा ती मर्यादा) ५०० सेल ठेवली तर ३० मीटरच्या पिक्सेलला साधारण ०.४५ चौरस किलोमीटर होतात, तिथून सुरुवात करा. मग टोपोशीटवरचे ओढे आणि तुमचे ओढे शेजारी ठेवून बघा, फार दाट आले तर थ्रेशोल्ड वाढवा.

आउटलेटचा (पाणलोटातलं पाणी जिथून बाहेर पडतं त्या जागेचा) पॉइंट देताना क्लिक नेमका ओढ्याच्या पिक्सेलवर पडला पाहिजे. एक पिक्सेल बाजूला पडला की पाणलोट म्हणून चार-पाच पिक्सेलचा ठिपका मिळतो.

> तपासा: पाणलोटाची उत्तरेची रेषा दिवे घाटाच्या डोंगररांगेवरून गेली पाहिजे आणि दक्षिणेची पुरंदर किल्ल्याच्या रांगेवरून. रेषा दरी ओलांडून पलीकडे जात असेल तर आउटलेट किंवा मर्ज चुकलंय.

> सावधान: तलावाच्या सपाट पाण्यावर सरळ, समांतर ओढे उमटतात. ते हाताने काढा, नाहीतर नाझऱ्याच्या जलाशयात ड्रेनेज घनता सगळ्यात जास्त येईल.

घनता काढायला लाइन डेन्सिटी टूल, त्रिज्या एक किलोमीटरपासून सुरू करा. उत्तर मीटर भागिले चौरस मीटरमध्ये येतं, किलोमीटर प्रति चौरस किलोमीटर पाहिजे असेल तर १००० ने गुणा. आकडे ०.००२ वगैरे दिसले म्हणून टूल बिघडलं असं समजून लोक त्रिज्या वाढवत बसतात.

टप्पा ५: खडकाचा लेयर, आणि इथेच सगळं अडतं

पेपरमध्ये भूशास्त्राला सगळ्यात जास्त वेटेज असतं, तीस-पस्तीस टक्के. पण ते पेपर बऱ्याचदा अशा भागाचे असतात जिथे ग्रॅनाइट, चुनखडक, वाळूचा खडक, गाळ असे चार-पाच वेगळे खडक आहेत. कऱ्हा खोऱ्यात नकाशा उघडला तर सगळीकडे बेसाल्ट. एकाच खडकाला एकच गुण देऊन त्याला तीस टक्के वेटेज दिलं म्हणजे प्रत्येक पिक्सेलमध्ये तोच आकडा मिळवला. नकाशात फरक शून्य, आणि बाकीच्या लेयरचा आवाज तेवढा कमी.

खरा फरक बेसाल्टच्या आत आहे. झिजलेला मुरूम, त्याखाली पोकळ्यांचा मांजऱ्या खडक, मग काळा कातळ, मधे कुठे लाल गेरूचा थर, असं एकावर एक असतं. पाणी मुरमात आणि भेगाळ मांजऱ्यात, काळा कातळ घट्ट असला तर कोरडा. हे उपग्रहावरून दिसत नाही, विहिरीत डोकावल्यावर दिसतं. म्हणून मी खडकाच्या लेयरऐवजी मुरमाच्या जाडीचा लेयर घेतो. गावोगावच्या न बांधलेल्या विहिरींच्या कडा बघायच्या, जमिनीपासून कातळ लागेपर्यंत किती मीटर ते मोजायचं, मोबाइलच्या जीपीएसने पॉइंट घ्यायचा. विहिरीच्या मालकाला विचारलं तर तो सुरुंग कुठून लावायला लागले ते बरोबर सांगतो, कारण खर्च तिथूनच वाढलेला असतो.

मग या पॉइंटवरून आयडीडब्ल्यूने (मधल्या जागांचे आकडे जवळच्या पॉइंटवरून काढणाऱ्या टूलने) पृष्ठभाग काढा. प्रत्येक पॉइंटभोवती गोल गोल कड्या दिसल्या तर पॉइंट कमी पडलेत, त्या भागात अजून विहिरी बघून या. आणि डोंगरमाथ्यावर पॉइंट नसतोच, तिथे आयडीडब्ल्यू खालच्या शेतातली सहा मीटर मुरमाची जाडी वर चढवून ठेवतं. वीस अंशांच्या वरच्या उताराला जाडी हाताने सगळ्यात कमी वर्गात टाका.

टप्पा ६: लिनिअमेंट

भूकोशवरून तयार लिनिअमेंट घेतले तरी डोळ्यांनी तपासायचे. हिलशेड (डीईएमवर एका बाजूने उजेड टाकून काढलेलं सावल्यांचं चित्र) एकाच दिशेचा काढला (जीडीएएलच्या टूलमध्ये डिफॉल्ट ३१५ अंश असतो) तर त्या दिशेला समांतर रेषा दिसतच नाहीत. किमान चार दिशांचे काढा, ०, ४५, ९० आणि ३१५. मग सेंटिनेल-२ च्या चित्रावर ठेवा आणि रस्ते, रेल्वे, कालवे, पाइपलाइन, विजेच्या लाइन, शेताचे लांब बांध काढून टाका. स्वतः काढलेल्या रेषांमध्ये बांध हमखास घुसतात.

प्रत्येक लिनिअमेंट म्हणजे पाणी नव्हे, हे तर फारच कमी लोक लक्षात घेतात. डाइक असेल, म्हणजे आडव्या थरांना चिरत वर आलेली उभी भिंत, तर ती पाण्याला अडवते. वरच्या बाजूला विहिरींना पाणी, खालच्या बाजूला ठणठणाट. धुळे-नंदुरबारकडे डाइक भरपूर आहेत, तिथे ही चूक फार महागात पडते. ओळखायची खूण: भेग असेल तर जमिनीत सरळ खोलगट रेषा किंवा सरळ वाहणारा ओढा दिसतो, डाइक बऱ्याचदा उंचवट्यासारखा उभा राहतो. दोन्ही एकाच घनतेत मोजू नका.

टप्पा ७: भूरूप, जमीनवापर, पाऊस, माती

भूरूपाचा लेयर चांगला असतो, फक्त वर्गांची नावं बघून घाबरू नका. नदीकाठचा गाळ ५, पेडिमेंट-पेडिप्लेन कॉम्प्लेक्स (डोंगरपायथ्याचा झिजून सपाट झालेला भाग) ४, कमी चिरलेलं पठार ३, मध्यम चिरलेलं २, खूप चिरलेले डोंगर १, असं ढोबळ चालतं.

जमीनवापरात पाण्याच्या वर्गाला ५ गुण देऊ नका. तलाव म्हणजे पृष्ठभागावरचं पाणी, तो मास्क करून नकाशातून वगळा. तसंच उन्हाळ्यात हिरवं दिसणारं बागायत म्हणजे भूजल चांगलं असं धरू नका, कारण पाणी कालव्याचं किंवा उपसा योजनेचंही असतं. वर्ल्डकव्हर १० मीटरवरून ३० मीटरवर आणताना निअरेस्ट नेबर किंवा मोड वापरा. बायलिनिअर वापरलं तर ४० म्हणजे शेती आणि ६० म्हणजे उघडी जमीन यांच्या मधे ५० तयार होतो, आणि ५० म्हणजे बांधकाम. शेताच्या कडेने गाव उभं राहतं.

पाऊस मी या खोऱ्यात घेत नाही. हवामान खात्याचा ०.२५ अंशांचा ग्रिड म्हणजे साधारण २७ किलोमीटरचा पिक्सेल, आपल्या खोऱ्यात असे जेमतेम दोन-तीन. त्याला ३० मीटरवर गुळगुळीत करून बारकावा असल्याचा आव आणण्यात अर्थ नाही. मंडळांचे आकडे पुरेसे असतील आणि खोरं मोठं असेल तर जरूर घ्या.

माती: ठीक आहे, मिळाली तर घ्या, पण मुरमाची जाडी असेल तर फार फरक पडत नाही.

टप्पा ८: एकच ग्रिड, मग गुण

सगळे रास्टर एकाच विस्ताराचे, एकाच पिक्सेल आकाराचे आणि पिक्सेलवर पिक्सेल बसणारे हवेत. अलाइन रास्टर्स टूलने एकदाच करून टाका, संदर्भ डीईएमचा.

मग प्रत्येक लेयर १ ते ५ मध्ये रिक्लासिफाय. ५ म्हणजे नेहमी चांगलं, १ म्हणजे नेहमी वाईट, आणि कागदावर लिहून भिंतीला लावा, कारण उतार आणि ड्रेनेज घनता उलट्या चालतात: उतार कमी तर गुण जास्त, ड्रेनेज दाट तर गुण कमी.

> सावधान: रिक्लासिफाय बाय टेबलमध्ये डिफॉल्ट नियम "किमानपेक्षा मोठं आणि कमालपर्यंत" असा आहे. पहिली ओळ ० ते ३ अशी दिली तर नेमका ० उतार त्यात येत नाही, तो ० च राहतो, आणि सगळ्यात सपाट जागेला सगळ्यात कमी गुण मिळतात. पहिली ओळ -१ पासून सुरू करा.

> तपासा: प्रत्येक लेयरची किमान किंमत १ आणि कमाल ५ आहे का? ०, -३२७६८ किंवा २५५ दिसलं तर नोडेटा (माहिती नसलेल्या पिक्सेलची खूण) नीट सेट नाही.

टप्पा ९: वेटेज

आता एएचपी. दोन-दोन लेयरची तुलना १ ते ९ च्या पट्टीवर करायची, मग सुसंगती तपासायची. सहा लेयरला रँडम इंडेक्स (तुलनेसाठीचा ठरलेला आकडा) १.२४. समजा लॅम्डा मॅक्स (तुलनेच्या तक्त्याचं सगळ्यात मोठं आयगेन मूल्य) ६.३१ आला, तर ०.३१ भागिले ५ म्हणजे ०.०६२, आणि त्याला १.२४ ने भागलं की ०.०५. ०.१० च्या आत आहे, चालेल. लॅम्डा ६.८ आला असता तर ०.१३, मग तुलना पुन्हा करायची. पण ०.०५ आलं म्हणजे वेटेज बरोबर आहेत असं नाही, तुम्ही स्वतःशी विसंगत बोलला नाहीत एवढंच. चुकीचं मत सुसंगतपणे मांडता येतंच की.

उतार, ड्रेनेज घनता, टीडब्ल्यूआय (उतारावरून काढलेला ओलाव्याचा निर्देशांक), वक्रता हे चारही एकाच डीईएममधून निघतात. चारही घेतले तर एकच गोष्ट चारदा मोजली, नकाशा मग उताराचाच होतो, नाव फक्त भूजलाचं. दोनच ठेवा.

कऱ्हेसाठी मी असे धरतो: भूरूप ०.३०, मुरमाची जाडी ०.२४, लिनिअमेंट घनता ०.१६, उतार ०.१४, ड्रेनेज घनता ०.१०, जमीनवापर ०.०६. बेरीज १.०० आली पाहिजे, खरंच करून बघा. हे आकडे उचलून दुसऱ्या खोऱ्यात टाकू नका.

टप्पा १०: बेरीज आणि वर्ग

रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये प्रत्येक लेयर गुणिले त्याचं वेटेज, मग बेरीज. एका पिक्सेलचं हाताने करून बघा. गुण वरच्याच क्रमाने ५, ३, २, ५, ४, ४ असतील तर १.५० + ०.७२ + ०.३२ + ०.७० + ०.४० + ०.२४ = ३.८८. आयडेंटिफाय टूलने त्या पिक्सेलवर हेच आलं पाहिजे. उत्तर १ च्या खाली किंवा ५ च्या वर कुठेही जाऊ शकत नाही, गेलं तर मागे जा. नकाशात भोकं पडली असतील तर एखाद्या लेयरमध्ये तिथे नोडेटा आहे.

वर्ग पाडताना क्वांटाइल नको. पाच वर्गांचं क्वांटाइल म्हणजे काहीही झालं तरी २० टक्के क्षेत्र "अतिउत्तम" ठरणार, मग तो भाग खडकाळ माळ का असेना. नॅचरल ब्रेक्स घ्या, आणि दोन खोऱ्यांची तुलना करायची असेल तर दोन्हीला एकच ठरावीक सीमा द्या.

मग एकेक लेयर काढून नकाशा पुन्हा करा. एखादा काढला तरी काहीच बदलत नसेल तर तो ओझं म्हणून होता. एखादा काढल्यावर सगळंच बदलत असेल तर त्याचा डेटा पुन्हा तपासा.

टप्पा ११: पडताळणी

आता बाजूला ठेवलेल्या विहिरी उघडा. पाण्याची पातळी म्हणजे उपलब्धता नव्हे: पाणी जमिनीपासून तीन मीटरवर असेल पण अर्ध्या तासाच्या मोटरने विहीर तळ गाठत असेल तर ती चांगली विहीर नाही. म्हणून शक्य तिथे विचारा: मे महिन्यात मोटर किती तास चालते, उपसल्यावर परत भरायला किती वेळ लागतो. "दोन इंची पाणी" वगैरे मोजमाप गावात चालतं, ते लिहून घ्या पण त्यावर गणित करू नका.

उपसा योजनेच्या किंवा कालव्याच्या लाभक्षेत्रातल्या, आणि तलावाच्या लगेच खालच्या विहिरी वेगळ्या काढा. पुरंदर उपसा योजनेचं पाणी मुळा-मुठेचं आहे, ते जिथे फिरतं तिथल्या विहिरी तुमच्या नकाशाची बाजू घेतील किंवा विरोध करतील, दोन्हीला अर्थ नाही.

मग साधा हिशोब. समजा "चांगलं" क्षेत्र ४० टक्के आहे आणि चांगल्या विहिरींपैकी ४५ टक्के त्यात पडल्या, तर नकाशाने जवळपास काहीच सांगितलं नाही, डोळे मिटून ठिपके टाकले असते तरी ४० आल्याच असत्या. ७० पडल्या तर बोलण्यासारखं आहे. विहिरी भरपूर असतील तर आरओसी (नकाशा चांगल्या आणि वाईट विहिरी किती वेगळ्या ओळखतो ते मोजणारा वक्र आणि त्याखालचं क्षेत्रफळ) काढा, ०.५ म्हणजे छापा-काटा. मोजक्या पंधरा विहिरींवर आरओसीचे तीन दशांश लिहू नका.

टप्पा १२: देण्याआधी

नकाशावर वर्ष, डीईएमचं नाव, पिक्सेल आकार, प्रोजेक्शन आणि "उथळ जलधरासाठी" हे शब्द छापा. स्केल १:५०,००० पेक्षा मोठं करू नका, मूळ भूरूप त्याच स्केलचं आहे. गट नंबरांच्या हद्दी त्यावर टाकायचा मोह होतो, टाकू नका. एकदा गट नंबर दिसला की शेतकरी नकाशावर बोट ठेवून विहिरीची जागा ठरवतो, आणि ३० मीटरचा पिक्सेल ते ओझं पेलत नाही. जागेसाठी त्याला विद्युत प्रतिरोधकतेची चाचणी करून घ्यायला सांगा, चांगल्या पट्ट्यात. पाणाड्या तो बोलावणारच आहे, त्याला निदान पट्टा तरी दाखवा.

गुणवत्ता या नकाशात नाही, हेही लिहा. पूर्णा खोऱ्यातल्या अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात हाच नकाशा केला तर सपाट गाळाला ५ गुण मिळून सगळं हिरवं येईल आणि पाणी खारं निघेल. तिथे क्षारतेचा लेयर वेगळा करून खाऱ्या भागावर आडव्या रेषा मारून द्या, बेरजेत मिसळू नका, कारण मिसळलं की पाणी कमी आहे की खारं आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही.